जुन्या यंत्राची राखण

आमच्या रेवदंड्याच्या घरीं, माजघराच्या कोपऱ्यांत, एक जुना संगणक आहे. त्याचा पडदा पेटीसारखा जाड आहे, कळफलकावरील निम्मीं अक्षरें बोटांनीं झिजून गेलीं आहेत, आणि तो सुरू झाला म्हणजे वाडींतल्या रहाटासारखा एकसारखा घरघरत राहतो. घरीं येणारा प्रत्येक तरुण पाहुणा त्याच्याकडे पाहून हंसतो व विचारतो, "हा अजून ठेवलात कशाला?" या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं, आणि त्याबरोबरच आमच्या हातून घडलेल्या एका मूर्खपणाची कबुली देण्यासाठीं, हा लेख लिहीत आहों. वार्षिक अंकांत शिक्षकांनीं उपदेश करावा असा प्रघात आहे. परंतु ज्या विषयांत आम्ही स्वतः नापास झालों तोच विषय सांगितला, तर मुलांना व त्यांच्या पालकांना तो अधिक पटेल, अशी आमची समजूत आहे.

हा संगणक आमच्या वडिलांनीं, म्हणजे अण्णांनीं, २००४ सालीं घेतला. अण्णा प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्या सुमारास संगणकाचे वर्ग गांवोगांव निघाले होते. साठी उलटल्यावर, नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारीं बसून, अण्णा टंकलेखन शिकले. सी-डॅक या संस्थेनें तयार केलेला मराठी अक्षरांचा सांचा त्यांनीं यंत्रांत बसवून घेतला आणि पुढें आठ वर्षें, सकाळचा चहा आटोपल्यावर, ते रोज दोन तास लिहीत असत. अष्टागरांतील वाड्यांचें शिंपणें कसें होई, नारळ-पोफळीचे हिशेब कसे ठेवीत, कोळी बांधव कोणत्या वाऱ्याला काय म्हणतात, रेवसच्या धक्क्यावरून लाँचीनें मुंबईस जातांना पावसाळ्याच्या तोंडीं काय हाल होत, असें सर्व त्यांनीं लिहून ठेविलें. अशीं सुमारें तीनशें पृष्ठें झालीं. २०१२ सालीं अण्णा गेले. तेव्हांपासून मातोश्री रोज सकाळीं त्या यंत्रावरची धूळ पुसतात. तें पुसणें आम्हीं कधीं चुकलेलें पाहिलें नाहीं. एकदांच चुकलें, आणि तीच हकीकत पुढें सांगावयाची आहे.

अण्णांच्या हयातींत या संगणकाला इंटरनेट ठाऊक नव्हतें. २०१५ सालीं पुतण्या शिक्षणासाठीं आमच्याकडे राहावयास आला, तेव्हां त्याच्या सोयीसाठीं आम्हीं टेलिफोनच्या तारेवरून येणारें इंटरनेट घेतलें व तार सरळ अण्णांच्या यंत्राला जोडली. यंत्र या कामाच्या योग्यतेचें आहे कीं नाहीं, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत आला नाहीं. त्या यंत्रांत विंडोज एक्सपी ही प्रणाली होती. ती २००१ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत बाजारांत आली, आणि ८ एप्रिल २०१४ रोजीं तिच्या निर्मात्यांनीं तिची दुरुस्ती कायमची थांबविली. ही बातमी आम्हीं वर्तमानपत्रांत वाचली होती. पण दुसऱ्या दिवशीं यंत्र पूर्वींसारखेंच चाललें. मग बिघडलें तें काय, असें आम्हांस वाटलें.

२०१६ सालच्या दिवाळीच्या सुट्टींतील गोष्ट. पुतण्याला अंगणांत मातीचा किल्ला करावयाचा होता आणि त्यासाठीं जंजिऱ्याच्या बुरुजांचीं चित्रें हवीं होतीं. तीं शोधीत असतां एकाएकीं सगळा पडदा तांबडा झाला, भोंग्यासारखा आवाज येऊं लागला आणि इंग्रजींत मजकूर उमटला : तुमच्या संगणकांत घातक विषाणू शिरला आहे, यंत्र बंद कराल तर सर्व माहिती नष्ट होईल, ताबडतोब खालील क्रमांकावर फोन करा. बाण हलेना, खिडकी मिटेना. त्या क्षणीं आम्हांस अण्णांचीं तीनशें पृष्ठें तेवढीं दिसत होतीं. वर्गांत मुलांना रोज धीर धरावयास सांगणाऱ्या आम्हीं थरथरत्या हातानें तो क्रमांक लाविला.

पलीकडून एक गृहस्थ अतिशय सौजन्यानें हिंदींत बोलूं लागले. आपण संगणक बनविणाऱ्या कंपनीचेच माणूस आहों, असें त्यांनीं सांगितलें. त्यांच्या सांगण्यावरून आम्हीं एक लहानसा प्रोग्राम उतरवून घेतला. त्याबरोबर आमच्या पडद्यावरचा बाण आपोआप फिरूं लागला. ते गृहस्थ एक लांबलचक यादी उघडून म्हणाले, "पाहा साहेब, किती बिघाड आहेत!" अशा किरकोळ नोंदी प्रत्येक निरोगी संगणकांतहि असतात, हें आम्हांस फार उशिरां कळलें. शेवटीं सात हजार रुपयांची मागणी झाली व बँकेच्या कार्डावरील आंकडे विचारण्यांत आले. आम्ही कार्ड आणावयास उठलोंहि होतों. इतक्यांत मातोश्री स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. त्यांना संगणकांतलें कांहींच कळत नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, "अरे, पैसे मागणारा माणूस आपलें नांव-गांव कां सांगत नाहीं?"

आम्हीं नांव विचारलें. त्यासरशीं त्या गृहस्थांचा स्वर पालटला. "आज सण आहे, उद्यां बँकेंत जाऊन येतों," असें आम्हीं म्हणतांच त्यांनीं फोन ठेवला. बाण मात्र फिरतच होता. तेव्हां पुतण्या ओरडला, "काका, वायर काढतो!" आणि त्यानें भिंतींतली तार ओढून काढली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं संगणक सुरू केला. अण्णांनीं लाविलेलें माडांचें चित्र आलेंच नाहीं. एक चौकट आली आणि तिनें पासवर्ड मागितला. तसा पासवर्ड आमच्या घरांत कोणींहि कधीं ठेविला नव्हता. जाणाऱ्या चोरानें बाहेरून कुलूप लावून किल्ली खिशांत घालावी, तसा तो प्रकार होता. मातोश्रींनीं आम्हांस कांहीं विचारलें नाहीं, बोल लाविला नाहीं. त्या दिवशीं त्यांनीं यंत्रावरची धूळ मात्र पुसली नाहीं.

अलिबागेंत आमचा एक माजी विद्यार्थी संगणकदुरुस्तीचें दुकान चालवितो. सुट्टी संपण्यापूर्वीं एके सकाळीं ती पेटी मांडीवर घेऊन आम्ही एस.टी.नें त्याच्याकडे गेलों. त्यानें सर्व हकीकत ऐकून घेतली. आपले जुने गुरुजी असे फसलेले पाहून त्याला हंसूं आलें असतें तरी आम्हीं राग मानला नसता. पण तो हंसला नाहीं. तो म्हणाला, "सर, कुलूप दाराला आहे. आंतलें सामान जागच्या जागीं असेल." विंडोजमध्येंच त्या काळीं असलेल्या एका जुन्या सोयीचा दुरुपयोग करून हें कुलूप घालीत, असें त्यानें सांगितलें, ती सोय पुढें २०१७ सालीं विंडोजच्या नव्या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आली. त्यानें पेटी उघडली, माहिती सांठविणारी तबकडी बाहेर काढली आणि इंटरनेट नसलेल्या दुसऱ्या एका यंत्राला जोडली. पडद्यावर अण्णांच्या नांवाचा फोल्डर दिसला. आमचा जीव भांड्यांत पडला.

परंतु पहिली फाइल उघडली आणि आम्ही पुन्हां हादरलों. आंत मराठीचें एकहि अक्षर नव्हतें. मात्रा-टिंबें चढविलेल्या परकीय अक्षरांच्या ओळीच्या ओळी होत्या. चोरानें सर्व लेखन नासविलें, असेंच आम्हांस वाटलें. आमचा विद्यार्थी मात्र शांत होता. अण्णांच्या काळचें मराठी टंकलेखन आजच्या युनिकोडसारखें नव्हतें. यंत्र आंत परकीय अक्षरांचेच आंकडे सांठवी आणि पडद्यावर दाखवितांना त्यांवर मराठी आकार चढवी. तो आकारांचा सांचा, म्हणजे फॉण्ट, जेथें नाहीं तेथें लेख निरर्थक दिसे. विद्यार्थ्यानें जुन्या तबकडींतून तो फॉण्ट शोधून काढला व आपल्या यंत्रांत बसविला. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत त्या विचित्र ओळी पालटून अण्णांचें पहिलें वाक्य उभें राहिलें : आमच्या विहिरीचें पाणी मोठ्या भरतीला किंचित् मचूळ होतें, हें प्रथम बैलाला कळतें, मग माणसाला. दुकानांत गिऱ्हाइकें होतीं, म्हणून आम्हीं डोळे पुसले नाहींत.

निघतांना विद्यार्थी म्हणाला, "सर, यंत्र म्हातारें झालें यांत धोका नाहीं. त्याची राखण करणारे निघून गेले, यांत धोका आहे." हें वाक्य मनांत घोळवीत आम्ही समुद्राकडे गेलों. ओहोटी लागली होती आणि माणसें ओल्या वाळूंतून पायीं कुलाबा किल्ल्याकडे चाललीं होतीं. शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळांत आरंभ झालेला व पुढें आंग्र्यांचें ठाणें झालेला तो किल्ला आजहि भक्कम दिसतो. भरतीच्या वेळीं समुद्रच त्याचें रक्षण करतो. पण ओहोटी झाली कीं कोणींहि यावें आणि दारांतून आंत शिरावें. शिबंदी असती, तर अशा वेळीं दारावर पहारा असता. तट आहे, बुरूज आहेत, पण शिबंदी नाहीं. आमच्या एक्सपीची स्थिति नेमकी हीच होती.

संगणकाच्या प्रणालींत लक्षावधि ओळींची लिखापढी असते आणि माणसाच्या हातच्या कामांत चुका राहणारच. अशी एखादी चूक सांपडली कीं निर्माते तिच्यावर ठिगळ तयार करून इंटरनेटवरून धाडतात. त्यालाच आपण अपडेट म्हणतों. गंमत अशी कीं, ठिगळ कोठें लाविलें हें पाहून भोंक कोठें होतें हें चोरालाहि कळतें. नव्या प्रणालीवर ठिगळ बसतें. पण तीच चूक जुन्या प्रणालींतहि असली, आणि तिची डागडुजी थांबलेली असली, तर तें भोंक कायमचें उघडें राहतें. म्हणून जुनें यंत्र काल होतें तितकेंच आज सुरक्षित आहे, हें म्हणणें चुकीचें. तें जागचें हललें नाहीं तरी चोर रोज एक पाऊल पुढें येत असतो. अँटिव्हायरस हा अशा किल्ल्यांतला एकटा पहारेकरी होय; तो असावा, परंतु पडलेला तट त्याला बांधतां येत नाहीं. हेंहि कबूल केलें पाहिजे कीं आमच्या बाबतींत चोर भोंकांतून आला नव्हता. आम्हींच भिऊन त्याला दार उघडून दिलें होतें. पण जुन्या यंत्राला जेथें हीं दोन्ही भयें आहेत, तेथें निदान एक तरी कमी करावें, हें शहाणपण आम्हांस त्या वाळूवर सुचलें.

हा केवळ आमच्या घरापुरता प्रश्न नाहीं, याची खूण पुढील वर्षींच आमच्या जिल्ह्यांत पटली. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रामनें सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ओलीस धरले. इंग्लंडांतील रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या भोंकांतून तो शिरला त्याचें ठिगळ १४ मार्च रोजींच प्रसिद्ध झालें होतें. ज्यांनीं तें लाविलें नाहीं ते सांपडले. एक्सपीसाठीं तर तें ठिगळ, अपवाद म्हणून, हल्ला झाल्यानंतर देण्यांत आलें. पुढच्याच महिन्यांत, २७ जून २०१७ रोजीं, नॉटपेट्या नांवाचा दुसरा हल्ला झाला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रामच्या अपडेटांतून तो निघाला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कचेऱ्यांत पसरला. त्या कंपनीच्या समूहाकडून चालविला जाणारा एक धक्का आपल्या उरण तालुक्यांत, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत होता. तेथील संगणक बंद पडले आणि पेट्यांच्या चढउताराचें काम हातानें करण्याची पाळी आली. अलिबागहून उरण तें केवढेंसें दूर! युक्रेनमधील हिशेबनिसाच्या टेबलावर पडलेली ठिणगी आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्याला येऊन लागली.

त्या हल्ल्यांतील दोन गोष्टी प्रत्येक घरानें लक्षांत ठेवाव्यात. पहिली ही कीं, हा प्रोग्राम एका दुबळ्या यंत्रांत शिरला म्हणजे तेथील पासवर्ड चोरून शेजारच्या यंत्रांतहि जाई, मग तीं यंत्रें कितीहि नीट ठिगळलेलीं असोत. घरांत एकाच वायफायवर जुना संगणक, आईचा मोबाइल व बाबांच्या कचेरीचा लॅपटॉप असतो. तेथें जुन्या यंत्राचें दुखणें एकट्या जुन्या यंत्राचें राहत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. मर्स्क कंपनीला सुमारें ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर दहा दिवसांत पुन्हां नव्यानें उभे करावे लागले. त्या जाळ्याचा मूळ नकाशा ज्यांत असतो अशीं यंत्रें ठिकठिकाणीं होतीं. तीं सर्व एकाच वेळीं नष्ट झालीं. पुढें प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तावरून असें दिसतें कीं, आफ्रिकेंतील घाना देशांतलें एक तेवढें वांचलें, कारण हल्ल्याच्या वेळीं तेथील वीज गेली होती! वीज जाण्याचें आपल्या किनाऱ्याला काय कौतुक? परंतु जी प्रत तारेला जोडलेली नसते तीच संकटांत वांचते, हा धडा त्यांत आहे.

आमच्या घरांतील व्यवस्था आम्हीं कशी बदलली तें आतां सांगतों. प्रथम आम्हीं मातोश्रींना विचारलें कीं, अण्णांच्या संगणकाचें काम काय? त्या म्हणाल्या, "त्यांनीं लिहिलेलें वाचायचें, आणखी काय!" या एका उत्तरानें निम्मा प्रश्न सुटला. वाचावयास इंटरनेट लागत नाहीं. विद्यार्थ्यानें त्या यंत्राची प्रणाली नव्यानें बसवून दिली, अण्णांचा फॉण्ट परत घातला, आणि तार मात्र कायमची काढून टाकली. पेनड्राइव्ह लावतांच त्यांतील प्रोग्राम आपोआप सुरू होण्याची सवय जुन्या यंत्रांना असते. तीहि बंद केली. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आतां त्या यंत्राला लागत नाहीं.

असें करणें म्हणजे यंत्राला वनवासांत धाडणें, असें पुतण्याला वाटलें. त्याची समजूत घालण्यासाठीं आम्हीं त्याला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट सांगितली. मुंबईंत कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं निरीक्षणें होत असत. शहरांत विजेच्या ट्रॅमगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें हीं नाजूक निरीक्षणें बिघडतील हें संचालक नानाभाई मूस यांनीं ओळखलें. ट्रॅम थांबविणें शक्य नव्हतें, आणि यंत्रें मोडींत काढणेंहि योग्य नव्हतें. म्हणून १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली, दोन्हीं ठिकाणीं १९०६ पर्यंत एकाच वेळीं निरीक्षणें घेऊन आंकड्यांचा मेळ घातला, आणि मग कुलाब्याचें हें काम थांबलें. विजेची ट्रॅम मुंबईंत १९०७ सालीं सुरू झाली; तोंवर अलिबागचें काम सुरळीत चालूं होतें. नवें येणारच, जुन्यांतलें जें मोलाचें आहे त्याला आधींच सुरक्षित जागीं न्यावें, हीच ती गोष्ट. "मग ही आपली वेधशाळा!" असें पुतण्या म्हणाला, आणि त्याची तक्रार मिटली.

ज्या यंत्राला इंटरनेटवांचून गत्यंतर नाहीं, त्याची गोष्ट निराळी. २०१८ सालीं पुतण्यासाठीं आम्हीं एक वापरलेला संगणक घेतला. त्यांत विंडोज ७ होती. तिची डागडुजी १४ जानेवारी २०२० रोजीं थांबली. या वेळीं आम्हीं ती बातमी वाचून वर्तमानपत्राची घडी केली नाहीं. त्या यंत्रांत लिनक्स ही प्रणाली बसवून घेतली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते, तिचे हलके प्रकार जुन्या यंत्रांवर चालतात, आणि तिचीं ठिगळें नियमित येतात. आपल्या देशांत सी-डॅकनेंहि तिच्यावरून बॉस नांवाची प्रणाली तयार केली, तींत मराठीची सोय आहे. २०२० सालीं शाळा बंद झाल्या तेव्हां पुतण्याचे दहावीचे तास त्याच यंत्रावर झाले. त्यांतहि कांहीं नियम पाळले : रोजच्या वापराचें खातें वेगळें, नवे प्रोग्राम बसविण्याचा अधिकार असलेलें खातें वेगळें, ब्राउझर ज्याला अद्याप अपडेट येतात तोच, राउटरचा मूळचा पासवर्ड बदललेला, आणि बँकेचा व्यवहार जुन्या यंत्रावर मुळींच नाहीं.

राहिली प्रत ठेवण्याची गोष्ट. अण्णांच्या लेखनाची एक प्रत आम्हीं कपाटांत ठेविली होती, दुसरी पुण्यास भगिनीकडे. एवढी दक्षता कशाला, असें कधीं कधीं वाटे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलें. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड उन्मळून पडले, घरावरचीं कौलें उडालीं आणि कपाटांत पाणी शिरलें. अण्णांच्या यंत्रावर मातोश्रींनीं ताडपत्री घट्ट बांधली होती, म्हणून तें वांचलें. कपाटांतली प्रत मात्र वाचण्याच्या पलीकडे गेली. कित्येक दिवस वीज नव्हती. ती आल्यावर यंत्र सुरू होईपर्यंत आमच्या जिवांत जीव नव्हता. पण पुण्याची प्रत आहे, एवढा आधार तेव्हां होता. चोराप्रमाणें वादळहि सांगून येत नाहीं, आणि दोघांवर उपाय एकच : एक प्रत तारेपासून दूर, एक प्रत गांवापासून दूर.

आतां हा प्रश्न पुष्कळ घरांच्या दाराशीं आला आहे. विंडोज १० ची नेहमींची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. घरगुती यंत्रांना, नांवनोंदणी केल्यास, ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत ठेवण्यांत आली. आणि पुढची विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर नियमाप्रमाणें चालत नाहीं. ज्या पालकांनीं काटकसर करून मुलांसाठीं संगणक घेतला, त्यांना तो फेंकून द्या असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तसें करण्याचें कारणहि नाहीं. एकच प्रश्न विचारावा : या यंत्राचें काम काय? लिहिणें-वाचणें एवढेंच असेल तर तार काढावी. इंटरनेट हवेंच असेल तर ज्या प्रणालीची राखण चालूं आहे ती आंत घालावी. यांतलें कांहींच न करतां, चालतें आहे तोंवर चालूं द्यावें, हा आमचा मार्ग होता. तो कोणीं घेऊं नये.

मुलांनो, एक शेवटची गोष्ट. २०१६ सालीं आम्ही फसलों तेव्हां लाजेनें पोलिसांकडे गेलों नाहीं. शिक्षक असून असे फसलांत, असें लोक म्हणतील, ही भीति होती. आमच्या त्या गप्प बसण्यामुळें तो गृहस्थ दुसऱ्या दिवशीं आणखी कोणाच्या तरी घरीं तितक्याच सौजन्यानें बोलला असेल, हा विचार अद्यापि टोंचतो. आज १९३० हा क्रमांक याच कामासाठीं आहे. पैसे गेले असतील तर जितक्या लवकर कळवाल तितकी ते अडविण्याची आशा अधिक. पडद्यावर आलेल्या क्रमांकावर कधींहि फोन करूं नका. भोंगा वाजूं लागला तर आधीं तार काढा, मग घरांतल्या वडीलधाऱ्यांना हांक मारा. त्यांना संगणक कळत नसेल, पण माणूस कळतो.

पुतण्या आतां महाविद्यालयांत आहे. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें अण्णांचें सर्व लेखन युनिकोडमध्यें उतरविण्यास घेतलें. यंत्राकडून होणाऱ्या या रूपांतरांत जोडाक्षरें चुकतात, म्हणून तो मोठ्यानें वाचतो आणि मातोश्री चुका सांगतात. एकदां त्याला पडद्यावर एका विहिरीचें नांव लागेना. मातोश्रींनीं तें सांगितलें, आणि ती विहीर कोणाच्या आजोबांनीं खणली तेंहि सांगितलें, जें अण्णांच्या लेखनांत नव्हतें. पुतण्यानें तें खालीं टीप म्हणून लिहून घेतलें. काम पुरें झालें म्हणजे जुनें यंत्र कशाला ठेवावयाचें, असें आम्हीं एकदां सहज विचारून पाहिलें. मातोश्रींनीं उत्तर दिलें नाहीं. त्या फडकें घेऊन धूळ पुसूं लागल्या.